बाग होण्याआधीची टेकडी

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. काळ्या रानातून चालून आलं की चपलेला न मागता माती लागते, तसे ते लागतात आणि कितीही झटकले तरी थोडे उरतातच.

धंदा म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गडी गुप्तधन शोधत फिरतो. (म्हणणारे म्हणतातच. माझे सासरे अजून म्हणतात.) कुठे रस्ता, तलाव, बाग असं काही व्हायचं असलं की बांधकामाआधी ती जमीन पायी चालून बघायची. जुनी खापरं आहेत का, दगडाची बांधणी आहे का, राखेचा थर आहे का? असेल तर नकाशावर खूण करायची. बस, एवढंच. उकरण्याचं काम नंतरचं, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं.

टीमच्या प्रमुख शेंडे मॅडम, नागपूरच्या. नकाशे मी काढतो. रफीकभाई जीप चालवतात, तीच जीप दुरुस्त करतात आणि कॅम्प पडला की स्वयंपाकही करतात. यवतमाळला त्यांचं चांगलं चालतं गॅरेज आहे. ते भावाच्या हवाली करून आमच्याबरोबर का फिरता, असं विचारलं की म्हणतात, "घरी भाजी केली तं बायको नावं ठेवते. इथं तुमी लोक गुपचूप खाता!"

तर हे किस्से एका टेकडीचे. कळंबच्या रस्त्याला लागून असलेलं आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातलं एक छोटं शहर. गावाबाहेर साग-पळसाची टेकडी. तिथे करायची होती सार्वजनिक बाग!

*

नगर पंचायतीतल्या पहिल्या मीटिंगला इंजिनिअर गावंडे साहेबांनी टेबलावर प्लॅन पसरला. माणूस मोठा उत्साही. चालायचा ट्रॅक, कमळाच्या आकाराचं कारंजं, ओपन जिम, सेल्फी पॉइंट, रस्त्याच्या बाजूला ऐसपैस पार्किंग, आणि मधोमध एक डायनासोर. सिमेंटचा. तोंडातून पाणी सोडणारा.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर्वेक्षण होईपर्यंत यातलं काहीच पक्कं धरू नका. जिथे जुनं काही सापडेल, तिथे बांधकाम करता येणार नाही."

गावंडे साहेबांनी बराच विचार केला आणि विचारलं, "पण मॅडम, डायनासोर तं चालंल ना? तो तं सगळ्यात जुना हाय!"

सगळे हसले, अध्यक्ष साहेबही हसले. हसणं थांबल्यावर मागच्या खुर्चीवरून एक म्हातारे उठले. पांढरं धोतर, डोक्याला लाल पागोटं. हे गेमसिंग नायक, टेकडीपलीकडच्या बंजारा तांड्याचे नायक. सारं गाव त्यांना नायकबाबा म्हणतं. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता तांडा कापूस आणि तूर पिकवतो.

बाबा म्हणाले, "त्या टेकडीवर आमच्या बुढ्यायनं बांधलेली विहीर हाय. बुजली. कोठी हाय ते मले ठाऊक नाई, पण हाय. तिच्यावर सिमेंट टाकू नका, एवढंच सांगाले आलो."

पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "बाबा, तुमी तं फिरते लोक. फिरत्या लोकायची कायची विहीर?"

बाबा अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "फिरणाऱ्यालेच तहान लागते ना जी!"

अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. विहीर सापडली तर प्लॅन हलेल. नाही सापडली तर प्लॅन आहे तसा. त्या पुढच्या रांगेतल्या माणसाचा मला राग आला होता, आणि बाबांना आला नाही म्हणून जरा जास्तच आला. जिन्यात मी त्यांना तसं बोललो. ते म्हणाले, "रोजचंच हाय ते. आमच्या चार पिढ्या इथं मेल्या, तरी आमी पाहुणेच. विहीर दिसली म्हंजे बोलणं बंद होईन. नाई दिसली तं माह्या नातवायलेबी हेच आयकनं लागंल."

म्हणजे आमच्या नेहमीच्या सर्वेक्षणात एका म्हाताऱ्याची आब अडकली होती. असं झालं की मला झोप जरा कमीच लागते.

*

पायी सर्वेक्षणाची पद्धत अशी, की माणसांनी हातभर अंतर सोडून एका ओळीत उभं राहायचं, मान खाली घालायची आणि जमिनीकडे बघत सावकाश पुढे सरकायचं. बोलायचं नाही. नजर ढळू द्यायची नाही.

पहिल्याच सकाळी आम्ही मजुरांसह असे निघालो. त्या दिवशी नेमकी चतुर्थी. कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घेऊन परतणारी माणसं रस्त्यावरून जात होती. एक जोडपं स्कूटर लावून थांबलं. बाईंनी मॅडमकडे बघितलं, मॅडमच्या खाली घातलेल्या मानेकडे बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, त्यायचं मंगळसूत्र हरपलं वाट्टे!"

झालं! दोघं ओळीत घुसली. मग एक ऑटो थांबला. मग प्रसादाची पिशवी घेतलेली एक अख्खी मंडळी. अर्ध्या तासात आमची ओळ टेकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झाली. मॅडम मजुरांना खुणा करण्यात गढलेल्या, त्यांना वाटलं नगर पंचायतीनेच माणसं पाठवली. "फार छान शिस्त आहे हो लोकांना," असं त्या मला हळूच म्हणाल्यासुद्धा.

उलगडा दुपारी झाला. तोवर जुन्या खापरांच्या दोन पिशव्या भरल्या होत्या, एक चावी सापडली होती, एक कानातलं सापडलं होतं. स्कूटरवाल्या बाईंनी ते कानातलं मॅडमच्या हातावर ठेवलं. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, आपलं काहीच हरवलेलं नाही, आपण जुन्या वस्तू शोधतोय.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मॅडमच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "असू द्या ताई. घरी कोणी काही म्हन्लं तं मले फोन करा. मी सांगतो, लय शोधलं म्हनून."

*

दुसऱ्या टप्प्यात आम्ही टेकडीवर पांढऱ्या फक्कीने चौकोन आखले. प्रत्येक चौकोनाला नंबर, कोपऱ्यात खुंटी, खुंटीला लाल फीत. माझ्या मते आजवरची माझी सगळ्यात देखणी आखणी. संध्याकाळी मी बराच वेळ नुसता बघत उभा होतो.

सकाळी उठून बघतो तर टेकडीच्या पायथ्याशी मोटरसायकलींची रांग. एक गृहस्थ खुंट्यांमधून पावलं टाकत फिरत होते. मला बघून जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ, कोपऱ्याचा कोणता सुटला का?"

मला कळेना. त्यांनी समजावलं, "पूर्वमुखी पाह्यजे. बायकोचं तसं म्हन्नं हाय."

आमच्याकडे मोकळ्या जागेवर पांढऱ्या रेषा दिसल्या की त्याचा अर्थ एकच, प्लॉट पडले! मॅडम आल्या, त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, "काका, हे विकायचे नाहीत. आम्ही फक्त बघतो आहोत."

"मंग मी कायले आलो?" काका म्हणाले. "मीबी पाह्यलेच आलो. घेईन सवडीनं!"

*

मातीचा थर बघायला आम्ही गिरमिट वापरतो. हाताने फिरवायचं, लांब दांड्याचं. खाली घालायचं, पिळायचं, वर काढायचं, टोकाला अडकलेली माती कागदावर मांडायची. एका ठिकाणी चांगली काळी माती आली. रफीकभाई जवळच उभे होते, ते नुसतं एवढंच म्हणाले, "काली निकली."

हे वाक्य टेकडी उतरून गावात कोणत्या वाटेने गेलं देव जाणे, पण संध्याकाळपर्यंत बाजारात चर्चा, की टेकडीखाली कोळसा लागला! बाग रद्द, आता खाण होणार. टेकडीला लागून ज्यांची वावरं त्यांच्यातले निम्मे आनंदात, निम्मे रडकुंडीला.

दुसऱ्या दिवशी एक शेतकरी आपल्या जावयाला घेऊन आले. जावई राजूरचे, कोळशाच्या खाणीत कामाला. सासऱ्यांनी त्यांना मुद्दाम खात्री करायला बोलावलं होतं. जावयांनी आमचं गिरमिट हातात घेतलं, वर-खाली फिरवून बघितलं, परत भिंतीला टेकवावं तसं झाडाला टेकवलं.

"मामाजी," ते म्हणाले, "एवढ्याशा गिरमिटानं कोळसा निंगत असता तं आमी एवढं खाली कायले गेलो असतो?"

सासरे हिरमुसले. जाताना जावयांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता माह्या नावानं खडे फोडतीन. काल रातच्यालेच त्यायचा नवा बंगला बांधून झालता डोक्यात."

*

मधे एक छोटासा. माती चाळायला मोठी चाळणी हवी होती. रफीकभाई म्हणाले, विकत कायले आणता, मी बनवतो. एका दुपारी त्यांनी लोखंडी चौकट वेल्ड केली, जाळी बसवली आणि ती जीपच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांवर अशी टांगली, की एक धक्का दिला की स्वतःच डुलत राहायची. आम्ही टाळ्या वाजवल्या.

रफीकभाईंनी मागे सरून आपल्या कामाकडे बघितलं. चेहरा समाधानी नव्हता. म्हणाले, "हॉर्न राह्यला!"

*

नायकबाबा रोज येत. सकाळी वावरात जाताना एकदा आणि परतताना एकदा. दर वेळी एकच प्रश्न, "लागली का जी?" आणि आमचं एकच उत्तर. मग रफीकभाई त्यांना चहा देत, आणि ते चहा घेऊन खूप वेळ टेकडीकडे बघत बसत. घाई नाही, तक्रार नाही. त्यामुळे आम्हालाच जास्त अवघडायला व्हायचं.

एकदा मॅडमनी त्यांना विचारलं, "बाबा, लहानपणी काहीतरी ऐकलं असेल. साधारण कुठल्या अंगाला?"

"उगवतीच्या," बाबा म्हणाले. "पण माह्या बहिणीले इचारा. तिले जास्त आठोते."

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या बहिणीला घेऊन आले. हुनकीबाई. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांची चोळी, आवाज खणखणीत. त्यांनी टेकडीकडे बघितलं आणि सरळ मावळतीकडे बोट दाखवलं.

मग जे भांडण जुंपलं! सगळं गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, त्यामुळे आम्हाला फक्त हातवारे कळत होते. बाबा उगवतीला चार पावलं जात, हुनकीबाई मावळतीला. मग दोघं परत येत आणि पुन्हा निघत. मजुरांपैकी तांड्यातले दोघं पोट धरून हसत होते. मी त्यांना विचारलं, काय म्हणतायत? तर एक म्हणाला, "बाबा म्हनते, तुले लहानपणापासून दिशा समजत नाई. बाई म्हनते, तुलेच समजत नाई, म्हनून तं तुहं लगन मी लावलं, नाईतं वरात दुसऱ्याच तांड्यात गेली असती!"

शेवटी दोघं दमून एकाच दगडावर, एकमेकांकडे पाठ करून बसली. चहा मात्र एकाच किटलीतला घेतला.

मॅडम मला म्हणाल्या, "लिहून घ्या. विहीर टेकडीवर आहे, इथपर्यंत दोघांचं एकमत आहे."

*

एका चौकोनात बैलाच्या खुराचा लोखंडी नाल सापडला. गंजून पातळ झालेला, पण आकार शाबूत. त्या दिवशी कॅम्पमध्ये सणासारखं वाटलं. बाबा संध्याकाळी आले तेव्हा मॅडमनी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. नाल उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याने कडेची माती काढली.

"कोणाचा बैल असंल?" एवढंच म्हणाले.

मला तर विहीरच सापडल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण गावंडे साहेब तिथेच होते. त्यांनी नाल बघितला आणि म्हणाले, "मॅडम, हे तं माह्या आबाच्या बैलाचंबी असू शकते. आबा इथंच गुरं आणत." आणि ते बरोबरच होतं. एका नालाने विहीर सिद्ध होत नाही. मॅडमनी मान हलवली आणि पिशवीवर चिठ्ठी लावली.

बाबा उठले. गावंडे साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुह्या आबाचाबी असला तं काय? तहान त्याच्या बैलालेबी लागत होती."

*

आता शेवटचा.

मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते, त्यांची तारीख बदलली आणि भूमिपूजन एकदम अलीकडे आलं. काम पार्किंगपासून सुरू होणार, कारण गाड्या आधी येतात. जेसीबी येऊन रस्त्याच्या कडेला उभंही राहिलं. आमचे चौकोन चालून झाले होते, खाली दगड लागतो का ते बघायला सळया ठोकून झाल्या होत्या, माती चाळून झाली होती. खापरं मिळाली, नाल मिळाला, विहीर मिळाली नाही. मॅडमनी अहवालाचं शेवटचं वाक्य लिहायला घेतलं होतं आणि त्या तासभर नुसता पेन हातात धरून बसल्या होत्या.

उन्हं कलताना बाबा आले. त्यांना आम्ही काही सांगायची गरज पडली नाही, आमची तोंडं बघून ते समजले. "बरं," म्हणाले. "तुमी लोकायनं मेहनत केली, मी पाह्यली." रफीकभाईंनी त्यांना आणि जेसीबीसोबत आलेल्या गावंडे साहेबांना जबरदस्तीने जेवायला बसवलं. शेवटचं जेवण म्हणून वांग्याची भाजी केली होती, भाकरी होत्या.

बाबा कॅम्पातल्या चिंचेखाली बसले, घास तोडला आणि इकडे तिकडे बघितलं. आमचे तंबू बघितले, स्वयंपाकाचा तंबू बघितला, जीप बघितली.

"मॅडमजी," ते सहज म्हणाले, "एवढी मोठी टेकडी. तुमी डेरा इथंच काहून टाकला?"

"इथे सपाट आहे बाबा," मॅडम म्हणाल्या. "चिंचेची सावली आहे. वारा चांगला येतो. आणि रस्ता जवळ."

"हो ना," गावंडे साहेब म्हणाले. "म्हनून तं मी पार्किंग इथं घेतली."

बाबांनी घास चावला. गिळला. मग म्हणाले, "मंग आमचे बुढे का येडे होते?"

मी माझा नकाशा उघडला. अख्ख्या टेकडीवर चौकोन रंगवलेले, फक्त एक कोरा. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "आपला कॅम्प. निघताना बघू." आम्ही सगळी टेकडी चाळली होती आणि जिथे राहत होतो तेवढीच सोडली होती!

मॅडमनी हात धुतला. "रफीकभाई," त्या म्हणाल्या, "शेगडी विझवा."

मग तंबू उतरवायला किती वेळ लागतो? झोपायचे आधी काढले, सळई ठोकली, नुसती माती. मग स्वयंपाकाचा काढला. जिथे शेगडी होती तिथे सळई हातभर गेली आणि खणकन थांबली. बाजूला, पुन्हा खणकन. आणखी बाजूला. फावड्याने माती सारली, तर घडवलेला दगड. त्याला लागून दुसरा, जरासा वळलेला. मजूर, मी, मॅडम, गावंडे साहेब, सगळे गुडघ्यांवर. उजेड होता तोवर अर्धं वर्तुळ मोकळं झालं. कडेच्या दगडांवर दोराने पडलेल्या खाचा इतक्या खोल, की माझं बोट पुरं आत गेलं.

रफीकभाई डोक्याला हात लावून उभे होते. "या अल्ला! आणि मी रोज गावातून कॅनीनं पाणी आणून राह्यलो!"

बाबा काठावर बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. खाचांवरून हात फिरवत राहिले, मोठ्याने श्वास घेत. तांड्यातून माणसं धावत आली, हुनकीबाई आल्या. त्यांनी विहीर बघितली, भावाकडे बघितलं आणि ती ना उगवतीला ना मावळतीला निघाली म्हणून दोघांचीही भांडायची पंचाईत झाली. त्या नुसत्या त्याच्याशेजारी बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

गावंडे साहेबांनी अध्यक्षांना फोन लावला. बोलणं झालं. मग त्यांनी जीपच्या बॉनेटवर प्लॅन पसरला, पार्किंगवर पेन्सिलने फुली मारली आणि टेकडीच्या दुसऱ्या टोकाला बाण काढला. मन लावून केलेलं काम होतं त्यांचं, फुली मारताना हात जरा थांबलाच. पण मारली. मग पेन्सिल तशीच धरून बाबांजवळ उकिडवे बसले.

"बाबा, पार्किंग हलवली. आता इथं दगडाची पाटी लावू. काय लिहू सांगा. तुमच्या बुढ्यायचं नाव लिहू?"

बाबांनी डोळे पुसले, पागोटं डोक्यावर ठेवलं.

"पार्किंगच लिही ना बापू," ते म्हणाले. "बैलायची!"